अधिक य

मालतीताई गेली ही बातमी मला कुणी दिली नाही. मीच ती घरी फोन करून सांगितली, अंजूरफाट्यावर अडकलेल्या अँब्युलन्समधून. पुढे कंटेनर, मागे कंटेनर... काही आठवडे उलटले, तरी माझी चीड काही जात नाही.

ताई माझी थोरली जाऊ. भिवंडीत, नारपोलीला, आमच्या घराखाली कापडाचे लूम, वर आम्ही. ती बी.एस्सी. होऊन या घरात आली, पण सासऱ्यांनी शाळेत नोकरी करू दिली नाही. "शिकवायचंय ना? मग माडीवर शिकव," म्हणाले. झालं, बाई जन्मभर माडीवरच! फळ्यावर आगगाड्या सोडायची, होड्या सोडायची आणि स्वतः बाजारात जायचं तरी विचारून. "माझ्या गाड्या बघ कशा पळतात, मी आपली हाय तिथंच हाय," असं हसत म्हणायची. मला ते ऐकवायचं नाही.

काळ, वेग, अंतर शिकवताना शिकवणीच्या मुलींना आधी दटावायची, "माहीत नाही म्हणून घाबरता कशाला? त्याला क्ष म्हणा आणि पुढे चला." नारपोलीहून ठाणं पंधरा किलोमीटर, वेग ताशी क्ष, तर वेळ पंधरा भागिले क्ष. त्यापुढे ठसठशीत लिहायची, अधिक य. य म्हणजे फाट्यावर अडकलेला वेळ. एका मुलीने शाळेच्या परीक्षेत आगगाडीच्या गणितातही तो य घातला आणि मार्क घालवून रडत आली. ताई म्हणाली, "भिवंडीची पोर ती, तिचं काय चुकलं?"

त्या दुपारी ताईच्या छातीत कळ आली. ठाण्याला न्यायला निघालो आणि फाट्यावर सगळं ठप्प. मी ड्रायव्हरवर ओरडत होते. तो बिचारा म्हणाला, "क्या करूं दीदी, निकलने की जगह ही नहीं है." ताईने माझा हात धरला. "अंतर किती राहिलं गं?" मी अंदाजाने सांगितलं. "आणि वेग?"

मी पुढच्या कंटेनरकडे बघितलं. शून्याने भागता येत नाही, हे तिनेच तर शिकवलं होतं... ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिची पकड सुटली.

आता मुलींना मीच शिकवते, जमेल तसं. परवा तेच गणित घातलं, वेग ताशी तीस. एकीने य शून्य धरला आणि उत्तर काढलं, अर्धा तास. बरोबरच होतं. तिने मान वर करून विचारलं, "बाई, ठाणं एवढं जवळ हाय?"

मी हो म्हटलं.