बॅज माझा, हात मावशींचा

गेल्या महिन्यातली गोष्ट. सोमवारी सकाळी बारामतीत हॉस्पिटलला पोचले तर काउंटरवर माझ्या नावाचं पाकीट. माझ्या नावाने तिथे फक्त लग्नपत्रिका येतात, म्हणून हसतच उघडलं...

मी एक्स-रे टेक्निशियन. ड्युटीवर आम्ही छातीवर एक छोटा बॅज लावतो, आपल्या अंगावर किती किरणं पडली ते तो मोजतो. दर तीन महिन्यांनी तो तपासायला जातो आणि रिपोर्ट येतो. आठ वर्षांत माझ्या रिपोर्टमध्ये कधी काही निघालं नव्हतं. या वेळी लिहिलं होतं, डोस मर्यादेपेक्षा जास्त. कारण शोधून कळवा.

मी तिथेच खुर्चीत बसले. आठच दिवसांपूर्वी कळलं होतं की मला दिवस गेलेत. लग्नानंतर सहा वर्षांनी... वडगावच्या घरच्यांशिवाय अजून कुणाला सांगितलंही नव्हतं.

हॉस्पिटलमध्ये माझ्या मागे मला 'लायसन्स मॅडम' म्हणतात. मशीनचं लायसन्स, भिंतीची जाडी, दारावरचा लाल दिवा, शिशाचा एप्रन... कशाबद्दलही विचारा, मला तोंडपाठ. लायसन्सच्या कागदांवर सेफ्टीची जबाबदारी माझ्याच नावावर आहे. मग माझ्याच अंगावर एवढा डोस आला कुठून?

डॉक्टरांकडे गेले. हॉस्पिटल त्यांचंच, आणि लायसन्सचं रिन्यूअल तोंडावर आलेलं. त्यांनी पत्र वाचून परत माझ्या हातात दिलं. "बॅज चुकून एक्स-रे रूममध्ये राहिला होता, असं लिहून टाका. सगळे हेच लिहितात."

माणूस वाईट नाही. पण मला असा राग आला... त्यांना कागद बंद करायचा होता आणि मला माझ्या बाळाचं काय ते कळायला हवं होतं.

डोक्यात एकच विचार फिरत होता. फोटो काढताना मी कायम शिशाच्या काचेमागे असते. चारला ड्युटी संपली की बॅज बाहेरच्या पेटीत ठेवते, कारण तो घरी न्यायचा नाही असा नियम आहे. म्हणजे चारनंतर तो एकटाच असतो...

कॉम्प्युटर उघडला आणि संध्याकाळच्या पाळीचे तीन महिन्यांचे एक्स-रे बघायला बसले. काय शोधतेय ते मलाही माहीत नव्हतं. जेवणाची सुट्टी गेली, डबा तसाच राहिला.

एका दीड वर्षाच्या बाळाच्या छातीच्या एक्स-रेत कडेला मोठ्या माणसाचा हात दिसला. बोटांची हाडं, मनगटावर दोन बांगड्या. चार फोटो सोडून दुसऱ्या बाळाजवळ पुन्हा तोच हात. करंगळी वाकडी... ती करंगळी मी रोज बघते, चहाचा कप घेताना.

सुमनमावशी आमच्याकडे आया आहेत, मूळच्या निरवांगीच्या. लहानपण मेंढरांमागे गेलं. तेव्हा कधीतरी करंगळी मोडली ती तशीच जुळली. पाळी त्यांची दुपारपासून रात्रीपर्यंत.

एक्स-रे काढताना बाळाला धरायचं ते नातेवाइकाने, तेही एप्रन घालून. स्टाफने धरायचं नाही. हे मी संध्याकाळच्या टेक्निशियनला दहादा शिकवलंय, मावशींना एकदाही नाही. आईबाप घाबरतात, बाळ रडतं, बाहेर गर्दी... मग हाक मावशींनाच.

त्या पॅन्ट्रीत कप विसळत होत्या. मी बॅजचं विचारलं तर जराही बिचकल्या नाहीत.

"व्हय, म्या लावत व्हते की तुमचा बिल्ला. पोरं धरायच्या टायमाला. काम झालं की पेटीत ठिवायची, हरवला न्हाय कदी."

"पण का, मावशी?"

"तुमीच म्हणला व्हता न्हवं... ह्याच्यामुळं आपला जीव वाचतोय, ह्याच्याबिगर आत पाय ठिवायचा न्हाय."

म्हणाले होते. त्या एकदा बॅज पुसायला गेल्या तेव्हा, घाईत आणि तोऱ्यात. तो नुसता मोजतो, वाचवत नाही, हे समजावत बसायला मला वेळ नव्हता.

खरं लिहिते... सगळ्यात आधी मला हायसं वाटलं. हात आपोआप पोटावर गेला. मग मावशींकडे बघितलं आणि त्या हायसं वाटण्याची इतकी लाज वाटली की मान वर करवेना.

मी त्यांना सगळं सांगितलं. बॅज काय करतो, पत्रात काय आलंय, मला दिवस गेलेत तेही. त्यांनी हातातला कप खाली ठेवला.

"म्हंजी जे काय पडलं ते माझ्या अंगावर पडलं. तुमच्या न्हाय?"

"नाही."

"मग बरं झालं," म्हणाल्या आणि पुन्हा कप विसळायला लागल्या.

मी उत्तरात जे घडलं तेच लिहिलं. डॉक्टर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत, तिसऱ्या दिवशी सही केली. रिन्यूअल अडकलंय, तपासणी व्हायची आहे, जे होईल ते होईल. मावशींच्या रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल आलेत. काळजी करण्याइतका डोस नाही असं सगळे म्हणतात, तरी मी करतेच. आता बाळं नातेवाईकच धरतात, एप्रन घालून.

बॅजच्या फॉर्ममध्ये दर वेळी एक रकाना असतो, किरणांशी संबंध येणाऱ्या कर्मचाऱ्यांची नावं. आठ वर्षं तो मीच भरते. या वेळी उत्तर लिहिताना, डोस कुणाला मिळाला तिथे मावशींचं पूर्ण नाव लिहायचं होतं... पेन हातात घेतलं आणि थांबले. उठून पॅन्ट्रीत गेले आणि त्यांना त्यांचं आडनाव विचारलं.