सुरतेहून कोणी आलं का?

माझ्या बायकोच्या मामांपुढे साक्षात परमेश्वर प्रगट झाला असता, तरी हात जोडायच्या आधी त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून त्याला विचारलं असतं, "बसा. तुम्हाला आमच्याकडे कोणी पाठवलं?" आणि परमेश्वराने "मी आपला स्वतःहून आलो" असं सांगितलं असतं, तर मामांनी त्याला पाणी दिलं असतं, चहा नाही. स्वतःहून कोणी कुठे येतं यावर त्यांचा विश्वासच नव्हता. सत्तावीस वर्षं त्यांनी रेल्वेच्या टपाल डब्यात, धावत्या गाडीत उभं राहून पत्रं वेगळी केली होती. हे पारोळ्याचं, हे यावलचं, हे धुळ्याचं, असं म्हणत समोरच्या लाकडी खणांत पत्रं फेकायची, ही नोकरी. माणूस निवृत्त झाला, पण हात काही निवृत्त झाला नाही. घरात आलेलं केळंसुद्धा ते देठाकडून निरखून "रावेरकडचं दिसतंय" असं ठरवल्याशिवाय सोलायचे नाहीत. एकदा वीजमीटर बघायला आलेल्या माणसाला त्यांनी अर्धा तास ओट्यावर बसवून त्याचं मूळ गाव, त्याच्या साहेबाचं मूळ गाव आणि मीटर कुठल्या कारखान्यातून आलं हे सगळं काढून घेतलं. तो बिचारा आकडा न घेताच गेला.

मी मुलगी बघायला जळगावला गेलो तेव्हा मुलीपेक्षा मामांनीच मला जास्त बघितलं. पोह्यांची बशी हातात, आणि समोर मामा. "तुम्हाला हे स्थळ कोणी सुचवलं?" म्हटलं, मावशीने. "मावशींना कोणी सुचवलं?" म्हटलं, त्यांच्या शेजारणीने. "शेजारणीला?" असं करत करत आम्ही चोपड्याच्या एका न्हाव्यापर्यंत पोचलो. पोहे गार झाले. दुसऱ्या दिवशी मामा पहिल्या गाडीने चोपड्याला गेले, त्या न्हाव्याकडे दाढी करून घेतली, आणि संध्याकाळी घरी येऊन जाहीर केलं, "माणूस खरा शे. होकार कळवा." म्हणजे माझं लग्न माझ्या पगारावर नाही, शिक्षणावर नाही, एका न्हाव्याच्या सचोटीवर ठरलं. बायको अजून ऐकवते.

अशा या माणसाला जगात एकच मित्र होता, नाना. त्याच टपाल डब्यात, मामांच्या शेजारी उभं राहून पत्रं फेकणारा. दोघांनी मिळून किती रेल्वे स्टेशनं मागे टाकली असतील ते त्यांनाच ठाऊक. दर हिवाळ्यात एकदा शेतावर भरताचा बेत ठरलेला. हिरवी वांगी, कपाशीच्या पऱ्हाट्यांचा जाळ, आणि मामांच्या देखरेखीखाली कुटलेली मिरची-लसूण. दोघं निवृत्त झाले त्या वर्षीच्या बेतात नानांनी काय करावं? मामांची पाठ वळलेली बघून भरतात बारीक चिरलेला टोमॅटो सोडला. मामांनी पहिला घास तोंडात घेतला आणि ते थांबले. बोटाने ती लाल फोड बाजूला काढली, उजेडात धरली.

"हा इकडे कोणी पाठवला?"

"मी," नाना म्हणाले. "जरा आंबट लागतं. बरं लागतं."

मामांनी ताट सरकवलं आणि उठले. तेवढ्यावर सत्तावीस वर्षांची दोस्ती तुटली. पुढच्याच महिन्यात नाना सुरतेला मुलाकडे राहायला गेले. मुलाचं तिथे साड्यांचं दुकान. जाताना ते भेटायला आले नाहीत, मामा निरोप द्यायला गेले नाहीत. "पहिलं पत्र त्याने टाकायचं," मामा म्हणायचे. "टोमॅटो त्याने टाकला होता." त्याला तीन हिवाळे उलटले. एकदा मामी मला स्वयंपाकघरात बाजूला घेऊन म्हणाल्या, "जावईबापू, त्यांना भरीत गिळवत नाही हो. करायला लावतात, आणि ताटावर नुसते बसून राहतात. काही तरी करा." आता मी काय करणार? माझा धुळ्याला, देवपुरात, कॉम्प्युटरचा क्लास. चार यंत्रं, एक करकरणारा प्रिंटर, आणि नव्यानेच आलेलं इंटरनेट, तेही फोनची लाईन मोकळी असली तर.

पण मामांनी एकदा त्या इंटरनेटवर कोणाच्या तरी लाडू-चिवड्याचं पान पाहिलं, आणि झालं! "जावईबापू, भरताचं पान काढायचं. शास्त्रशुद्ध. जगाला कळू द्या." जग म्हणजे सुरत, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. मराठी अक्षरं तेव्हा पडद्यावर उमटायला फार नखरे करत, म्हणून मामांनी कृती स्वतःच्या वळणदार अक्षरात कागदावर लिहून दिली आणि आम्ही त्या कागदांची चित्रंच चढवली. ती इतकी सावकाश उतरायची, की वांगं दिसेपर्यंत माणूस हातपाय धुऊन यायचा. तीन पानं झाली. पहिलं वांग्यांच्या निवडीचं, दुसरं फोडणीचं, आणि तिसरं, ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप होता, त्याचं नाव 'टोमॅटो का नको'. त्यात अकरा मुद्दे होते. नववा मुद्दा असा होता की टोमॅटो हा मुळात पाहुणा आहे आणि पाहुण्याने चुलीपाशी येऊ नये.

पानाबरोबर फुकटात एक मोजणीयंत्र मिळालं होतं. कोण कधी आलं, इंटरनेटवरच्या दुसऱ्या कुठल्या पानावरची कडी, म्हणजे लिंक, दाबून आलं, आणि आमची कुठली पानं उघडली, याची ते यादी द्यायचं. मी ही यादी मामांना दाखवली तो दिवस माझ्या आयुष्यातला घातवारच म्हणायचा. मामा खुर्चीवरून अर्धे उठले. "म्हणजे माणूस तोंडाने सांगो न सांगो, त्याला कोणी पाठवलं ते इथे उमटतं?" उमटतं, म्हटलं. त्यांचा चेहरा असा उजळला, की मामींनी लग्नातसुद्धा तसा पाहिला नसेल. त्यांनी नानांच्या मुलाला कळवलं, नानांना नव्हे, मुलाला, की तुमच्या दुकानाचं इंटरनेटवर पान आहे असं ऐकतो, त्यावर आमच्या भरताची कडी लावावी. पोरगा भला, त्याने लावली. मामांचा हिशेब सरळ होता. "साड्या बघता बघता वांग्याकडे कोण वळणार? सुरतच्या पानावरून कोणी आलं, की तो नानाच." मग दर गुरुवारी ते जळगावहून एस.टी.ने अडीच तास धक्के खात देवपुरात यायचे, उंबऱ्यातूनच विचारायचे, "सुरतेहून कोणी आलं का?" मी नकाराची मान हलवायचो. मग ते पाणी प्यायचे.

तीन महिने यादीत आठवड्याला आठ-दहाच ओळी. आणि एका गुरुवारी बघतो तर एकदम चारशे! सगळे कुठल्या तरी परदेशी जुगाराच्या पानावरून आलेले. मामांना गहिवरून आलं. "बघा! पत्ते खेळणाऱ्या लोकांना भरताची चव कळली, आणि नानाला नाही." त्यांनी मला जवळ बसवून त्या जुगारवाल्यांना इंग्रजीत आभाराचं पत्र लिहायला लावलं. आपण आमच्याकडे माणसं पाठवलीत, उपकृत आहोत, हिवाळ्यात सहकुटुंब जळगावला यावे, वांगी आमच्याकडची, येताना काही आणू नये. दुसऱ्याच दिवसापासून त्या पत्त्यावरून मला रोज इतक्या जाहिराती यायला लागल्या, की माझे नाकी नऊ आले.

शेवटी मी त्यांना समजावलं. मामा, ही माणसं नाहीत. कोणी तरी यंत्र सोडलंय, ते घरोघर जातं, यादीत आपल्या मालकाचं नाव टाकतं आणि पळतं. वाचत काही नाही. पानाचा मालक कुतूहलाने 'कोण बुवा हे' म्हणून बघायला उलट त्यांच्याकडे जातो, तेवढंच त्यांना हवं असतं. मामांनी चष्मा कपाळावर सरकवला. मग म्हणाले, "म्हणजे दार वाजवून पळणारी कार्टी!" आणि तोंड लाल करून, "बठ्ठं खोटं शे!" सगळं म्हणजे सगळं खोटं.

दुसरा कोणी असता तर त्याने वैतागून नाद सोडला असता. मामांनी पुढच्या गुरुवारी बसच्या टपावरून एक लाकडी कपाट उतरवलं. त्याला बारा खण. सुताराकडून मुद्दाम टपाल डब्यातल्यासारखं करवून घेतलेलं. ते माझ्या क्लासच्या भिंतीला लागलं, आणि माझ्या विद्यार्थ्यांची बसायची एक जागा कायमची गेली. मी यादी छापायची, मामांनी कात्रीने तिच्या ओळी सुट्या करायच्या, आणि उभं राहून एकेक पट्टी खणात फेकायची. खरे, खोटे, संशयित, पुणे, मुंबई, परदेश. 'सुरत' लिहिलेला खण मधोमध, डोळ्यांच्या रेषेत. अगदी खाली कोपऱ्यात एक खण 'बेवारस'. जो कुठल्याही कडीवरून न येता थेट पत्ता ठोकून यायचा, त्याच्या नावापुढे कुठून आला तो रकाना कोरा असायचा. असल्या पट्टीवर मामा दुसरी नजरही टाकायचे नाहीत. "ज्याला पाठवणारा नाही, त्याचं काय वाचायचं?"

आणि खरं सांगतो, माणूस तरबेज होता. दोन महिन्यांत त्यांना खोटा पाहुणा वासावरून कळायला लागला. "हा बघा, एकाच मिनिटात तीनदा आला. माणूस असा येत नाही, माशी येते." किंवा, "हा फक्त पहिल्या पानावर. लबाड. खरा माणूस फोडणीपर्यंत जातो." मी क्लासमध्ये पोरांना हे नियम जसेच्या तसे शिकवले. पण सुरतचा खण रिकामाच. कार्तिक गेला, मार्गशीर्ष आला, बाजारात हिरव्या वांग्यांचे ढीग लागले. मामा आले की उंबऱ्यातला तो प्रश्न विचारायचे, पण आवाज दर खेपेला थोडा खाली. एका गुरुवारी त्यांनी विचारलंच नाही. नुसतं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि कात्री हातात घेतली.

मग मी गाढवपणा केला. बुधवारी दुपारी क्लासमध्ये कोणी नसताना सुरतच्या साड्यांचं पान उघडलं, तिथली भरताची कडी दाबली, आणि चांगला खऱ्या माणसासारखा फोडणीपर्यंत गेलो. गुरुवारी मामांसमोर यादी छापली. ओळ आली. सुरत! मामांनी ती पट्टी कापली, चष्म्याजवळ नेली, दोनदा वाचली. मी म्हटलं, "बघा मामा, आले की नाही नाना!"

मामांनी पट्टी टेबलावर ठेवली. "जावईबापू, हे तुम्ही."

"छे हो, मी कशाला..."

"वांगी बघितली, फोडणी बघितली. टोमॅटोचं पान उघडलंच नाही. नाना असता तर आधी तिथे गेला असता, भांडायला. फोडणीचं त्याला काय पडलंय?"

मी मान खाली घातली. वाटलं, आता चांगली खरडपट्टी निघणार. पण मामा नुसतेच हसले, आणि ते हसू मला शिव्यांपेक्षा जड गेलं. म्हणाले, "तुम्ही शिकलेले, क्लासचे सर. माझ्यासाठी सुरतेहून आल्याचं सोंग घेतलंत. म्हणजे माझं ध्यान फारच बघवेनासं झालेलं दिसतंय." मग त्यांनी शर्टाच्या खिशातून एक पोस्टकार्ड काढलं. कोपरे मऊ पडले होते, किती दिवस खिशात फिरत होतं कोण जाणे. पत्ता आधीच लिहिलेला. मजकुराची जागा तेवढी कोरी. माझंच पेन घेऊन त्यांनी लिहिलं, 'नाना, वांगी आलीत. ये.' आणि स्वतः चालत जाऊन पेटीत टाकून आले.

आठव्या दिवशी सुरतच्या गाडीने नाना जळगावला उतरले. मी आणि मामा फलाटावर होतो. नाना मुलाच्या खांद्यावर हात ठेवून उतरले, एकेक पाऊल चाचपत. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. काखेत एक फुगलेली फाईल. "कोण, तू का?" एवढंच म्हणाले आणि फाईल मामांच्या छातीवर आपटली. "नवव्या मुद्द्याला काही अर्थ नाही!"

फाईलमध्ये आमचीच पानं, छापलेली, टोमॅटोचं पान तर हाताळून मळलेलं. मुलगा म्हणाला, "काका, रोज दुकान उघडलं की आधी तुमचं पान काढावं लागतं. यांना वाचून दाखवतो, आणि हे तुम्हाला शिव्या घालतात. मग गिऱ्हाईक." मी विचारलं, मग यादीत सुरत कधी दिसली कशी नाही? तो म्हणाला, "कडीवर कशाला जाऊ? पत्ता पाठ झालाय."

"म्हणजे रकाना कोरा," मामा म्हणाले आणि फलाटावरच्या बाकावर बसले. मला आधी कळेना, आणि मग कळलं. पुढच्या गुरुवारी धुळ्याला येऊन त्यांनी तो कोपऱ्यातला खण जमिनीवर उपडा केला, आणि आयुष्यात पहिल्यांदा बेवारस पट्ट्या वाचल्या. रोज सकाळची, दुकान उघडायची वेळ. रकाना कोरा. आधी टोमॅटोचं पान. अशा शंभरावर निघाल्या. मामा एकेक वाचून खिशात ठेवत होते, मी गुपचूप बाहेर जाऊन उभा राहिलो.

त्या वर्षीचं भरीत कसं झालं ते विचारू नका. दोन भांडी, दोन जाळ, आणि दिवसभर कडाक्याचं भांडण. मामी पदराने डोळे पुसत वाढत होत्या. नंतर नानांच्या डोळ्यांचं ऑपरेशन ठरलं, सोबतीला म्हणून मामा आठ दिवसांसाठी सुरतेला गेले ते अडीच महिने आलेच नाहीत. मामींनाही तिकडेच बोलावून घेतलं. मला एक कार्ड आलं, 'यादी छापायची गरज नाही. प्रकृतीस जपावे.' मी यादी बंद केली. मामा सुखात होते, मला आनंदच झाला होता. पण गुरुवारी दुपारी धुळ्याच्या स्टँडवर जळगावची गाडी लागायची वेळ झाली, की मला क्लासमध्ये काही सुधरायचं नाही, आणि पोरांना काही तरी टाईप करायला देऊन मी दाराशी येऊन उभा राहायचो.