तळं आहे का?

शेतकी कार्यालयातल्या शिपायाला सगळे भोंगा म्हणत, आणि ते अगदी शोभून दिसे. तो कुजबुजला तरी रस्त्यापलीकडच्या चहावाल्याला ऐकू जाई, त्यामुळे त्याला गुपित सांगायच्या भानगडीत कोणी पडत नसे.

अनुदान कुणाला मिळालं त्याची यादी बाहेरच्या फलकावर चिकटवायची, एवढंच त्याचं सरकारी काम. पण यादीतलं अक्षर मुंगीएवढं, ते वाचतंय कोण? म्हणून बाजाराच्या दिवशी भोंगा पायरीवर उभा राहून ती वाचून दाखवायचा. आधी नाव, मग पैसे कशासाठी मिळाले ते, आणि शेवटी एकच प्रश्न, "आहे का?" पंप खरंच बसला असेल, गोठा खरंच उभा असेल, तर गर्दीतून शेजारीपाजारी ओरडायचे, "आहे!" कोणीच बोललं नाही की भोंगा नावापुढे फुली मारायचा आणि साहेब पाहणीला निघायचे. हे कुठल्या नियमात नव्हतं. त्याचं त्यानंच सुरू केलेलं. साहेब आले नि गेले, वाचन राहिलं. एकदा चहावाल्याच्या सासऱ्याच्या नावावर फुली पडली, तेव्हा भोंग्याला महिनाभर फुळकवणी चहा प्यावा लागला. तो मुकाट्यानं प्यायला.

आई गेल्यावर त्याला मोठ्या बहिणीनं वाढवलं. आवाजही तिच्याकडूनच आलेला. ताई दारातून जेवायला हाक मारायची ती चार शेतं ओलांडून जायची. तिच्यापुढे भोंगा म्हणजे डास.

यंदा यादी चिकटवताना त्यात ताईचं नाव दिसलं. शेततळ्यासाठी. तिच्या शेतात त्यानं तळं कधी पाहिलं नव्हतं, भाच्याची कोरी मोटारसायकल मात्र पाहिली होती. संध्याकाळी तो तडक तिच्याकडे गेला.

"मी नुसती सही केली रे," ताई म्हणाली. "पोरगं म्हणालं, तळं खणतो. आता ते तळं दोन चाकांवर गावभर हिंडतंय." ती हसायला गेली, पण हसू आलं नाही. "उद्या माझं नाव गाळ. एवढी एकच वेळ. या वयात चारचौघांत माझी शोभा नको करूस."

"बघतो," भोंगा म्हणाला. ताईनं ताट वाढलं. भूक नव्हती, तरी त्यानं दोनदा वाढून घेतलं. नाहीतर तिला वाईट वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी वाचता वाचता तो त्या ओळीवर आला. गाळली असती तर कुणाला कळणार होतं? पण त्याला तो पांचट चहा आठवला, आणि त्यानं ताईचं नाव वाचलं.

"ऐकू येत नाही!" मागून कोणीतरी ओरडलं. त्याच्या उभ्या आयुष्यात हे पहिल्यांदाच घडत होतं.

त्यानं नाव पुन्हा वाचलं. "शेततळं. आहे का?"

सगळे गप्प. खरं काय ते सगळ्यांनाच ठाऊक होतं. भोंग्याचा पडलेला चेहराही सगळ्यांना दिसत होता. मग चहावाला, तोच तो, हळूच म्हणाला, "आहे!" लगेच भाजीवाली म्हणाली, "आहे की!" आणि बघता बघता सगळा बाजार "आहे, आहे" म्हणू लागला. भोंग्याला भरून आलं. इतकी माया आपल्यावर असेल असं त्याला वाटलं नव्हतं, आणि ती इतकी नकोशी वाटेल असंही वाटलं नव्हतं. पेन्सिल हातातच राहिली.

"नाही!"

गर्दीच्या पार मागून आवाज आला. लहानपणी चार शेतं ओलांडून यायचा तोच.

"तळं नाही! माझ्यापायी सगळ्या बाजाराला खोटं बोलायला लावतोस होय रे? ती गाडी विकते नि तळं खणते. तेव्हा विचार. आत्ता फुली मार!"

भोंग्यानं फुली मारली. ती जरा वाकडीच आली.

"मारलीस का?"

"मारली, ताई."

"मग संपलं की जेवायला ये," ताई म्हणाली, आणि तेही सगळ्या बाजारानं ऐकलं.