भागीरथेची सावड

केळझरच्या भागीरथेनं भासऱ्यापुढं, म्हणजे थोरल्या दिरापुढं, कधी तोंड उघडलं नव्हतं. अण्णाजी ओसरीवर आले की पदर कपाळावर ओढून आत व्हायचं, ही घरची रीत. त्र्याऐंशीच्या पावसाळ्यात पोरगी पंचफुला मेंदूज्वरानं पडली आणि रीत गेली चुलीत.

ताप उतरला, पण पोरीची छाती श्वास घ्यायचंच विसरली. सेवाग्रामला डॉक्टरांनी गळ्याला भोक पाडून नळी बसवली. श्वासाचं यंत्र दुसऱ्या लेकराला लागलेलं. मग नळीला रबरी पिशवी जोडली. ती हातानं दाबत राहायची. हात थांबला की श्वास थांबला.

अण्णाजी बघायला आले. "घरी ने तिले. पोरीचे हाल काऊन करून राह्यली?"

नवरा वासुदेव थोरल्या भावापुढं मान खाली घालून पिशवी दाबत राहिला. भागीरथेनं पदर मागं सारला.

"भाऊजी, जाईन तवा जाईन ते. माह्या हातानं नाई जाऊ देत."

अण्णाजी तणतणत निघून गेले. इकडं नवराबायकोचे पंजे सुजले. भागीरथेनं एसटीच्या कंडक्टरजवळ गावातल्या सावडीच्या बायकांना निरोप धाडला, "देवकाबाईले सांगजो, यंदाची माही सावड वावरात नोको, इथं द्या." सावड म्हणजे आज सगळ्या जणी हिच्या वावरात निंदायला, उद्या तिच्या. ऐन निंदणात बायका आपली शेतं तणात सोडून आल्या.

देवकाबाईला निंदताना आपली पात, म्हणजे वाट्याची ओळ, सगळ्यांच्या आधी काढायची खोड. तिनं पिशवी हातात घेतली आणि भराभर दाबत सुटली. नर्स धावत आली. "अहो बाई, शर्यत लागली आहे का? तुम्ही श्वास घेता तसा तिला द्या." देवकाबाई जन्मात पहिल्यांदा सावकाश काम करू लागली.

अण्णाजी पुन्हा आले ते जीप घेऊनच. "पुरे झालं आता."

भागीरथेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं पिशवी सरळ त्यांच्या हातात दिली. "हे घ्या. मी चाय प्याले चालली. सोडाचं असन त सोडा."

देवकाबाई खाटेशीच होती, तरी बाहेर भागीरथेचा कान खोलीकडंच होता. चहा तिनं पुरा प्यायला. परत आली तर अण्णाजी घामाघूम, नजर पोरीच्या छातीवर.

"द्या भाऊजी."

"बोलू नोको," ते खेकसले. "ताल चुकन माहा."

पोळ्याच्या सुमारास पंचफुला आपल्या छातीनं श्वास घेऊ लागली. तोवर अण्णाजींनी आपली पाळी कोणाला दिली नाही.