तासांची घासाघीस
गंजक्या लोखंडावर हातोडी पडल्यावर उडणाऱ्या धुळीचा कडवट वास आला, की मला तळवड्यातल्या माझ्या भंगाराच्या आवारातली ती सकाळ आठवते. एका कंपनीने बंद प्लांटचे पाइप मला विकले, पण आत किरणोत्सर्गी थर बसलाय हे सांगितलं नाही. तो राग माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही. पोलाद कारखान्याच्या फाटकावरच्या किरणं ओळखणाऱ्या यंत्रामुळे त्या पाइपांचा आमचा ट्रक अडवला गेला आणि दोन दिवसांनी तपासणीला एक अधिकारी बाई आल्या. तो थर ठोकून काढणाऱ्या माझ्या जुन्या कामगाराला त्यांनी विचारलं, "रोज किती तास हे काम करत होता?" "सहा तरी, मॅडम. बारा दिस." आवाराला टाळं लागेल या भीतीने मी मध्ये पडलो. "सहा कुठले? दोन धरा," मी म्हणालो. "तंबाखू मळण्यातच ह्याचा अर्धा दिवस जातो." "मी भाव विचारत नाहीये," बाई म्हणाल्या, "यांच्या अंगाला किती किरणं लागली, ते या तासांवरून ठरणार आहे." तरी मी हटलो नाही. शेवटी तो माझ्याकडे बघत म्हणाला, "शेठ म्हणत्यात तर तीन लिवा." तीनच तास धरल्यामुळे किरणांचा अंदाज कमी आला आणि पुढच्या रक्ततपासण्यांच्या यादीत त्याचं नाव आलं नाही. कंपनीवाल्यांशी भांडताना आजही मी ओरडून सांगतो, की माझ्या माणसाने रोज सहा तास तो थर ठोकलाय. त्या बाईंना मात्र हे मी अजून कळवलेलं नाही.