चिंचोके आणि खडा

माझ्या जोडीदाराने आयुष्यात एकही वाक्य तपासल्यावाचून पुढे जाऊ दिले नाही, आणि यात देवाला बोललेला नवसही आला. परीक्षेआधी आम्ही काही मुले लिंबागणेशला गेलो होतो. वर्गातल्या एकाने हात जोडून मोठ्याने सांगितले, की पास झालो तर गणपतीला एकशे एक मोदक वाहीन. जोडीदार त्याच्या मागेच उभा होता. त्याने विचारले, "पास म्हंजी किती विषयात?" नवस बोलणारा गडबडला. गुरव हसू लागला. शेवटी "सगळ्या विषयांत, पयल्या झटक्यात" एवढा मजकूर वाढवून नवस पुन्हा बोलण्यात आला. तेव्हा कुठे जोडीदाराने गणपतीकडे पाहून मान हलवली, जणू आता हा कागद पुढे पाठवायला हरकत नाही.

जोडीदार हे त्याचे नाव नव्हे. निजामी अमलातल्या बीडच्या एका शाळेत आम्ही दोघे शेवटच्या वर्गात होतो. तो पाटोद्याचा, मी शिरूर कासारच्या अलीकडच्या एका खेड्यातला, आणि वसतिगृहात आमची खोली एक. शाळेची भाषा उर्दू होती. निबंधाला मजमून म्हणत आणि समासाला हाशिया. मुख्याध्यापक उत्तरेकडून आलेले होते. ते बोलण्यात अतिशय सभ्य आणि छडीच्या बाबतीत अतिशय नियमित गृहस्थ होते. आपली पाठ आपल्याला दिसत नाही, असे ते सांगत. म्हणून त्यांनी वर्गात जोड्या लावून दिल्या होत्या. प्रत्येकाने आपल्या जोडीदाराचा मजमून वाचायचा, मांडणी आणि मजकूर दोन्ही तपासायचे आणि शेवटच्या पानावर हाशियात दस्तखत करायचे. दस्तखतानंतर चूक सापडली, तर छडी लिहिणाऱ्याला नाही, तपासणाऱ्याला. इतर जोड्यांनी यावर तोडगा काढला होता: तू डोळे मीट, मी डोळे मिटतो, छडी पडली तर ज्याचे त्याचे नशीब. माझ्या वाट्याला मात्र डोळे न मिटणारा माणूस आला.

मांडणीचा पहिला नियम उजवीकडे तीन बोटे हाशिया सोडण्याचा होता. वर्गात चाळीस मुले होती आणि चाळीस जणांची बोटे निरनिराळी होती, ही गोष्ट त्याच्याखेरीज कोणाच्या लक्षात आली नव्हती. तो थेट मुख्याध्यापकांच्या खोलीत गेला, त्यांना मेजावर तीन बोटे टेकवायला सांगितली आणि तेवढ्या रुंदीचा ज्वारीच्या धाटाचा तुकडा कापून घेतला. तो तुकडा तो टोपीच्या घडीत ठेवी आणि त्याला 'सरकारी तीन बोटं' म्हणे. माझ्या एका मजमुनाचा हाशिया दोराभर कमी भरला, तर त्याने पाचही पाने पुन्हा लिहायला लावली. एकदा खुद्द मुख्याध्यापकांनी फळ्यावर सूचना लिहिली. हा उठला आणि फळ्याच्या उजव्या कडेला धाट धरून उभा राहिला. मुख्याध्यापकांनी धाटाकडे पाहिले, आपल्या बोटांकडे पाहिले आणि सूचना पुसून पुन्हा लिहिली.

दुसऱ्याच्या कागदावर खूण करणे त्याला मंजूर नव्हते. कागद महाग होता, आणि शिवाय त्याच्या मते चूक लिहिणाऱ्याच्या मालकीची असते. म्हणून तो चुकीवर चिंचोका ठेवी. मांडणीच्या चुकीला चिंचोका, मजकुराच्या चुकीला खडा. असे का, म्हणून मी विचारले होते. तो म्हणाला, "चिंचोका फुंकरीनं जातो. खडा उचलावा लागतो." तपासून झाले की कागद तळहातावर आडवा धरून, एकही चिंचोका न सांडता, तो खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत येई. वाऱ्याने चिंचोके उडाले की परत जाऊन पहिल्या ओळीपासून वाची. त्याच्या जागेवर मोडलेले बोरू आणि वेचलेले चिंचोके यांखेरीज काही पडलेले मी पाहिले नाही.

ही सवय मजमुनापुरती राहिली नव्हती. वसतिगृहातल्या एका मुलाला घरून पत्र आले, की येथे सर्व कुशल. त्याने ते मोठ्याने वाचून दाखवले, तर जोडीदाराने त्यावर खडा ठेवला. "सगळं कुशल कसं बे? मागल्या पत्रात बैल लंगडत व्हता. तो बरा झाला का, ते कुठं लिव्हलंय?" मुलाने चिडून पत्र हिसकावून घेतले. पण संध्याकाळी त्याने घरी चौकशीचे पत्र टाकले. बैल विकला होता.

लिंबागणेशला आम्ही गेलो होतो, तेही खरे तर माझ्या एका वाक्यासाठी. चतुर्थीला तेथे हजारो लोक येतात, असे मी लिहिले होते. जोडीदार एका खिशात ज्वारीचे दाणे भरून देवळासमोर बसला आणि माणूस आत गेला की एक दाणा दुसऱ्या खिशात टाकू लागला. दुपार टळली. सहाशे बारा.

"तुला स्वतःला मोजलंस का?" मी विचारले.

"मी मोजनारा व्हतो."

"मग आता हजारोच्या जागी काय लिहू?"

"पुष्कळ लिही," तो म्हणाला. "मोजलं नसंल तवा पुष्कळ म्हनावं. त्यात खोटं न्हाई."

वर्ष संपत आले आणि सरकारी वजीफ्याचा, म्हणजे शिष्यवृत्तीचा, मजमून जाहीर झाला. वजीफा एकाच मुलाला मिळणार होता. ज्याला मिळेल त्याची पुढच्या शिक्षणाची औरंगाबादला सोय होणार होती. माझ्या वडिलांनी सांगितले होते, की वजीफा आण, नाहीतर घरी ये. औताला माणूस कमी आहे. वडील बोललेला शब्द बदलत नसत. विषय होता, 'माझे गाव'. मी आमच्या पेवावर लिहिले. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेले धान्याचे कोठार. वर दगड आणि चिखलाने लिंपलेले तोंड. दुष्काळात माझ्या आजोबांनी आमचे पेव गावासाठी उघडले, ही गोष्ट आमच्या घरातल्या प्रत्येक लग्नात सांगितली जात असे. मी ती जशी ऐकली तशी, थोडी सजवून लिहिली: लोकांचे हाल पाहताच आजोबांनी दगड सरकवला, तत्क्षणी आत उडी घेतली आणि ज्वारीची पहिली पाटी स्वतः वर दिली.

जोडीदाराने त्यावर खडा ठेवला.

"तुजा आजा जित्ता हाय ना?"

"हाय की. कावून?"

"मग उडी घेतली नसंल. बंद पेवातली हवा मानसाला मारती. आमच्या आळीतलं बारकं पोरबी सांगंल तुला."

त्यानंतर तीन दिवस सुट्टी होती. मजमून सुट्टीनंतरच्या शनिवारी, दुपारच्या अजानीच्या आत द्यायचा होता. जोडीदाराने आपला मजमून घडी घालून माझ्या हातात दिला. "नीट बघ. मला त्यात एक गोष्ट दिसंना झालीय," एवढे म्हणून तो पहाटे निघून गेला. सुट्टीत पाटोद्याला जायचे, असे तो आधीपासून म्हणत होता, म्हणून मी काही विचारले नाही. त्याचा मजमून मी वळकटीखाली ठेवला. त्याच्या लेखनात चूक असणे मला शक्यच वाटत नव्हते. तीन दिवस मी माझीच पाने शुद्ध अक्षरात लिहून काढली.

शनिवारी सकाळी तो आला. गुडघ्यापर्यंत धूळ होती आणि एका पायातली वहाण हातात होती.

"पाटोद्याला कोणी आजारी हाय का?" मी विचारले.

"पाटोद्याला गेलोच न्हाई. तुज्या गावाला गेलतो."

तो खाली बसला आणि वहाण नीट जोडून ठेवून बोलू लागला.

"तुज्या आज्याला इचारलं, बाबा, पेव उघडल्या उघडल्या तुमी आत उतरले का? ते लई हसले. म्हनले, उतरलो असतो तं तुज्या दोस्ताचा बाप तवाच पोरका झाला असता. दिसभर पेवाला वारा खाऊ दिला, मंग कंदील सोडला, तो इझला न्हाई, मंग मानूस."

"बरं. ते वाक्य बदलतो. तू दस्तखत कर."

"थांब बे. म्या दुसरंबी इचारलं. लोकांचे हाल बघताच उघडलं, आसं लिव्हलंय, ते खरं का? तवा त्येंनी आदी मला जेवू घातलं. जेवन झाल्यावर पेवापशी नेलं अन् म्हनले, बघताच न्हाई. आदी दोन दिस मी ह्या दगडावर खाट टाकून निजलो व्हतो, कुनी हात लावू नये म्हनून. पन खाटंवरून समोरच्या घरची चूल दिसायची. दोन दिस तिच्यातून धूर निघाला न्हाई. तिसऱ्या दिशी खाट उचलली."

आमच्या कोणत्याही लग्नात ही खाट आली नव्हती. मी म्हणालो, की खाट घातली तर वजीफा जाईल. तो म्हणाला, जाऊ शकतो. मी म्हणालो, औत तुझ्या खांद्यावर येणार नाही, माझ्या येईल. 

"खाटंबिगर काय उरतंय त्यात?" तो म्हणाला. "दगड सरकवला. तेवढं बैलबी करंल."

"आणि आज्याची अब्रू?"

"त्येंनीच सांगितलंय, लिव्हू दे म्हनून. इतक्या वर्सांत कुनी इचारलंच न्हाई, म्हनले."

अजानीला दोन तास होते. मी दोन पाने फाडली आणि पुन्हा लिहिली. त्यात खाट आली, समोरची चूल आली, दिवसभर उघडे ठेवलेले पेवाचे तोंड आले. त्याने वाचले, धाट लावून हाशिया मोजला आणि दस्तखत केले. मग विचारले, "माजा बघितलास?" मी "हो" म्हणालो. वळकटीखालून त्याचा मजमून काढला आणि थेट शेवटचे पान उघडले. घडीतून एक खडा जमिनीवर पडला. फरशीवरचाच असेल, असे समजून मी तो दाराबाहेर फेकला आणि दस्तखत केले.

पंधरा दिवसांनी मुख्याध्यापकांनी वर्गात निकाल सांगितला. खाटेचा परिच्छेद त्यांनी उभे राहून वाचला, मग पुन्हा एकदा वाचला, आणि वजीफा मला मिळाल्याचे जाहीर केले. त्यानंतर त्यांनी दुसरा कागद उचलला. पाटोद्याच्या बाजाराचे वर्णन होते. त्यांच्या मते वर्गातले सर्वात निर्दोष लेखन. मात्र तिसऱ्या पानावर एक वाक्य अर्धवट होते: बाजाराच्या दिवशी येथे बैलगाड्या येतात, आणि 'येथे' आणि 'बैलगाड्या' यांच्यामध्ये एका शब्दाची जागा कोरी.

"यहाँ क्या लिखना था?" त्यांनी विचारले.

"गिनती, साहब," जोडीदार म्हणाला.

मग त्यांनी माझ्याकडे पाहिले. "आपने पढ़ा था?"

मी नाही म्हणालो. कोरी जागा असलेला कागद वजीफ्याला चालत नव्हता, आणि चालला असता तर माझे नाव पुकारले गेले असते की नाही, हे त्यांनी सांगितले नाही. मीही विचारले नाही. मला दोन छड्या मिळाल्या. एकाच दिवशी वजीफा आणि छडी मिळवणारा त्या शाळेतला मी बहुधा एकटाच असेन.

बाहेर आल्यावर त्याने माझा हात उलटा करून पाहिला.

"दोन छड्या ना? वळ एकच हाय."

"दुसरी त्याच जागी बसली."

"मग ठीक."

गाड्या मोजायलाच तो सुट्टीत पाटोद्याला जाणार होता. बाजार त्याच तीन दिवसांत होता. त्याने एक मोजणी सोडून दुसरी केली होती, आणि न मोजलेला आकडा लिहिणे त्याला शक्य नव्हते. म्हणून कोऱ्या जागेवर खडा ठेवून त्याने कागद माझ्याकडे दिला होता. हे सारे मला तेथे, शाळेच्या पायरीवर उभ्या उभ्या कळले.

"पुष्कळ लिहायचं होतंस ना बे," मी म्हणालो. "तूच मला शिकवलंस."

त्याला ते खरोखरच सुचले नव्हते. मग म्हणाला, "ते तू म्हनायचं व्हतं."

तो रागावला नव्हता. माझ्या सामानाची यादी त्यानेच तपासली, आणि 'कपडे' या शब्दावर खडा ठेवून कोणते आणि किती, ते लिहून घेतले. मी औरंगाबादला गेलो, तो पाटोद्याला परतला. पुढे माझे आयुष्य वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत गेले. सभेला किती लोक होते, आगीत किती घरे जळाली, हे लिहिण्याचा आणि दुसऱ्याने लिहिलेले तपासण्याचा मला पगार मिळाला, आणि हाताखालच्या माणसांत माझी ख्याती बरी नव्हती. ती ख्याती त्याची होती.

औरंगाबादला गेल्यावर महिन्याभरात त्याचे पत्र आले होते. उजवीकडे हाशिया मोजून सोडलेला, एकूण दोन ओळी: "बाजारच्या दिवशी उजाडल्यापासून मावळेपर्यंत मोजल्या. बैलगाड्या दोनशे सात. तपासून कळवावे." खाली दस्तखताची जागा कोरी ठेवली होती.

मी जाणार होतो. प्रत्येक सुट्टीत जाणार होतो. पुढे त्याची पत्रे थांबली, मग पाटोद्याहून कोणीतरी तो गेल्याचे सांगितले, आणि आता तर त्या बाजारात मोटारी येतात. पत्र माझ्याकडे आहे. तळाची जागा अजून कोरी आहे. मी मोजलेले नाही.