आजीकडे ठेवलेली मुलगी

गर्भ पुन्हा एकदा पडला आणि डॉक्टरांनी आता प्रयत्न नकोत म्हणून सांगितलं. त्यानंतर मी आणि माझी बायको सुमती पाठीवर सॅक अडकवून मोटरसायकलवरून मालवणच्या खाली, किनाऱ्याकिनाऱ्याने निघालो. ऊन इतकं लख्ख होतं की दुःखाला टेकायला कुठे सावलीच नव्हती.

एका ओसाड पुळणीवर एक म्हातारी बाई वाळूत बांगडे सुकत घालत होती. तिने आम्हाला पाणी दिलं आणि मायेने विचारलं, "पोरांक खंय ठेवन इलात?"

मी काही बोलायच्या आतच सुमती म्हणाली, "एक मुलगी आहे. आजीकडे ठेवलीय."

"रवता?"

"राहते. झोपताना तेवढी रडते."

सुमतीचा आवाज इतका सहज होता की मी मान खाली घालून वाळूकडे बघत राहिलो. परक्या गावात आपल्याला कुणी ओळखत नाही. तिथे आपल्याला हवं असलेलं आयुष्य बिनदिक्कत सांगता येतं, आणि ऐकणाऱ्याला ते खरंही वाटतं. पण पुढच्या वळणापलीकडे ते पुरत नाही.

निघताना म्हातारीने ओंजळभर शंखशिंपले सुमतीच्या हातात दिले. "चेडवाक खेळाक," ती म्हणाली. सुमतीने ते रुमालात नीट बांधून घेतले.

बराच वेळ उजव्या हाताला समुद्र नुसता चमकत होता. मग सुमती मागून म्हणाली, "बरं झालं, तिने नाव नाही विचारलं. आपण कधी ठरवलंच नव्हतं."